हातात मावणाऱ्या संगणकासाठी स्वतःचा मायक्रोकर्नल: पहिल्या अक्षरापासून ड्रायव्हर पाडून बघण्यापर्यंत

टॉवेलच्या कारखान्यात पाळी बदलताना कोणत्या मागावर किती माल निघाला, हे अजून बऱ्याच ठिकाणी वहीत लिहिलं जातं. ही नोंद हातातल्या छोट्या यंत्रावर घ्यावी, असा प्रोजेक्ट सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना हमखास सुचतो. पुढचा रस्ताही ठरलेला: रास्पबेरी पाय घ्या, लिनक्स टाका, पायथॉनमध्ये चार स्क्रीन बनवा, व्हायवा द्या. त्यात वावगं काही नाही. पण बटण दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत आत काय घडतं हे मुळापासून बघायचं असेल, तर त्याच यंत्रासाठी स्वतःचा मायक्रोकर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी छोटा गाभा, लिहिता येतो आणि तो मुक्त परवान्याखाली सगळ्यांना देता येतो. सी भाषा, पॉइंटर आणि जरा असेंब्ली येत असेल तर हे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या आवाक्यातलं काम आहे.

फाइली, रजिस्टर आणि आज्ञांची नावं खाली देवनागरीत लिहिली आहेत. टाइप अर्थातच रोमन लिपीत करायची. हेक्समधले, म्हणजे १६ च्या पायावर लिहिलेले, पत्ते 'हेक्स' असं म्हणून दिले आहेत.

आत काय ठेवायचं, बाहेर काय

जुन्या गिरण्यांत एका लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी ओळीतले सगळे माग फिरायचे. शाफ्ट थांबला की अख्खं खातं बंद. आजच्या यंत्रमागाला स्वतःची मोटर असते. ती जळाली तर तेवढाच माग थांबतो. लिनक्ससारख्या मोनोलिथिक, म्हणजे सगळं एकाच गाभ्यात असलेल्या, कर्नलमध्ये स्क्रीन, कार्ड, फाइल सिस्टिम यांचे ड्रायव्हर (त्यांना चालवणारे प्रोग्राम) कर्नलच्याच मेमरीत, कर्नलच्याच अधिकाराने धावतात. त्यातल्या एकाने भलत्या पत्त्यावर लिहिलं तर सगळं यंत्र कोसळू शकतं. मायक्रोकर्नलमध्ये हेच ड्रायव्हर साध्या प्रोसेस (चालू प्रोग्राम) म्हणून बाहेर राहतात आणि एकमेकांना निरोप पाठवून काम करतात. आत उरतं ते एवढंच: प्रत्येक प्रोसेसची वेगळी मेमरी, थ्रेड (प्रोसेसमधले कामाचे धागे) आणि त्यांच्या पाळ्या, निरोपांची देवाणघेवाण, आणि इंटरप्ट (हार्डवेअरची हाक) ज्याचा त्याला पोचवणं.

हा विचार एके काळी बदनाम झाला होता. कार्नेगी मेलन विद्यापीठातला माक हा १९८० च्या दशकातला गाजलेला मायक्रोकर्नल; मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाचा हर्ड १९९० पासून त्याच्यावरच उभा राहत आलाय. पण माकचे निरोप संथ होते. १९९३ मध्ये योखेन लीट्के यांनी ४८६ प्रोसेसरवर मोजून दाखवलं की ८ बाइटचा जो निरोप माकला ११५ मायक्रोसेकंद घेतो, तो त्यांच्या एल३ या कर्नलमध्ये ५ च्या आसपास जातो. कल्पनेत दोष नव्हता, बांधणीत होता. पुढे त्यांच्याच एल४ घराण्यातून एसईएल४ हा मायक्रोकर्नल आला. २००९ मध्ये त्याच्या बरोबरपणाची गणिती सिद्धता पूर्ण झाली तेव्हा त्याचा सी कोड सुमारे ८,७०० ओळींचा होता, आणि २०१४ पासून तो मुक्त आहे. ॲन्ड्र्यू टॅनेनबॉम यांचा मिनिक्स ३ तर कोसळलेला ड्रायव्हर स्वतःच पुन्हा उभा करतो.

आपल्याला त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही. आपली परीक्षा एकच: स्क्रीनचा ड्रायव्हर मुद्दाम पाडायचा, आणि नोंद घेणाऱ्याला पडदा क्षणभर विझून परत आल्यापलीकडे काही कळता कामा नये. पुढची प्रत्येक पायरी या परीक्षेच्या दिशेने आहे. 'हे पटकन कर्नलमध्येच टाकू, नंतर बाहेर काढू' असा मोह वाटेत दहा वेळा होईल. 'नंतर' कधी येत नाही, म्हणून तेवढं पथ्य सुरुवातीपासून पाळा.

परवाना पहिल्याच दिवशी

रिकाम्या फोल्डरमध्ये पहिली फाइल परवान्याची. मागाहून परवाना लावायचा तर तोवर ज्यांनी ज्यांनी कोड दिला त्या सगळ्यांची संमती गोळा करावी लागते, आणि पास होऊन हैदराबाद-बंगळुरूला गेलेली मुलं फोन उचलत नाहीत.

जीपीएल (बदललेला कोड वाटताना तोही मुक्तच ठेवायला लावणारा परवाना) घ्यायचा तर आवृत्ती २ की ३ हे आधी ठरवा. हातातल्या यंत्रासाठी माझं मत ३ कडे झुकतं: यंत्र विकणाऱ्याने ग्राहकाला बदललेलं सॉफ्टवेअर त्याच यंत्रात टाकता येईल अशी माहितीही द्यावी, ही अट त्यात आहे. मात्र 'फक्त जीपीएल २' असलेला कोड, उदाहरणार्थ लिनक्सचा, जीपीएल ३ च्या प्रकल्पात मिसळता येत नाही. ड्रायव्हरसाठी लिनक्सचा कोड जसाच्या तसा उचलायचा विचार असेल तर २ घ्या. कुणीही काहीही करो अशी वृत्ती असेल तर बीएसडी किंवा एमआयटी. आणि कॉलेजच्या प्रोजेक्टवर हक्क कुणाचा, याचा नियम गाइडला विचारून लेखी घ्या. तोंडी 'चालेल' पुरत नाही.

सामान

बोर्ड म्हणून रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू घ्या. ६५ बाय ३० मिलिमीटर, चार कॉर्टेक्स ए५३ कोअर, ५१२ एमबी रॅम. याच कुळातला पाय ३ क्यूएमूमध्ये (लॅपटॉपवर दुसऱ्या यंत्राची नक्कल चालवणारं सॉफ्टवेअर) 'रास्पी३बी' या नावाने मिळतो, त्यामुळे बोर्ड हातात यायच्या आधी निम्मं काम लॅपटॉपवर होतं. पडदा आयएलआय९३४१ चिपचा, २४० बाय ३२० ठिपक्यांचा, एसपीआयवर (चिपांमधली साधी सिरियल जोडणी) चालणारा. बटणांसाठी चार बाय चारचा मेंब्रेन (वरून सलग पापुद्र्याने झाकलेला) कीपॅड. मागांच्या शेडमध्ये कापसाचे तंतू सतत उडत असतात. उघड्या बटणांच्या फटीत ते बसले की चार दिवसांत बटण अडकतं. वीज १८६५० सेल, चार्जिंग मॉड्यूल आणि ५ व्होल्टच्या बूस्टरमधून.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू सगळ्यात स्वस्त आहे: यूएसबी ते सिरियल अडॅप्टर. तो ३.३ व्होल्टचाच हवा. ५ व्होल्टची सिग्नल तार पायच्या पिनेला लागली तर पिन जळते, कधी बोर्डही. वायर, ब्रेडबोर्ड, सोल्डर गावात मिळेल. बोर्ड ऑनलाइन मागवा, नाहीतर पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने येणाऱ्या कुणाला तरी सांगा.

एक गोष्ट लपवायला नको. पायचं सुरुवातीचं फर्मवेअर मुक्त नाही. आपला कर्नल मुक्त असला तरी त्याला जागं करणारा कोड बंदिस्तच राहतो. हे पटत नसेल त्यांनी रिस्क-व्ही या खुल्या रचनेच्या प्रोसेसरचा बोर्ड घ्यावा. तिथे ओपनएसबीआय हे मुक्त फर्मवेअर आहे, आणि आयआयटी मद्रासचा शक्ती व सी-डॅकचा वेगा हे देशी प्रोसेसर त्याच रस्त्यावरचे आहेत. पायवर लिहून ठेवलेलं साहित्य भरपूर आहे, म्हणून शिकण्यासाठी मी पायच सुचवतो. असं हातातलं यंत्र भारतात नवं नाही. २००१ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने सिम्प्युटर आला, आणि त्याचं हार्डवेअरही खुल्या परवान्याखाली ठेवलं होतं. बाजारात तो चालला नाही, पण त्याची कागदपत्रं सापडली तर जरूर वाचा.

लॅपटॉपवर डेबियन किंवा उबंटू असेल तर एआर्म ६४ (पायच्या प्रोसेसरची जात) साठीचा जीसीसी क्रॉस कंपायलर, क्यूएमू आणि चुका शोधायला जीडीबी-मल्टिआर्च हे तिन्ही पॅकेज म्हणून मिळतात. रस्टमध्ये लिहू का, असं मुलं विचारतात. रस्ट आधीपासून येत असेल तर लिहा. कर्नल आणि भाषा दोन्ही एकदम शिकायला घेतलं तर अडल्यावर कशात अडलोय हेच कळत नाही.

पायरी १: सिरियलवर एक अक्षर

एसडी कार्डावर फॅट३२ पार्टिशन करून त्यात बूटकोड.बिन, स्टार्ट.ईएलएफ, फिक्सअप.डॅट या फर्मवेअरच्या फाइली, कॉन्फिग.टीएक्सटी आणि आपला कर्नल८.आयएमजी ठेवायचा. कॉन्फिगमध्ये दोन ओळी: ६४ बिट चालू, यूआर्ट (सिरियल जोडणी) चालू. फर्मवेअर आपली फाइल हेक्स ८०००० या पत्त्यावर ठेवतं आणि तिथे उडी मारतं. लिंकर स्क्रिप्टमध्येही हाच पत्ता द्या.

असेंब्लीतला सुरुवातीचा तुकडा चार कामं करतो. कोणता कोअर आहे ते एमपीआयडीआर रजिस्टरमधून बघा; शून्य नसेल तर त्याला झोपवा. तीन कोअर वाया जातात, जाऊ द्या. एका कोअरवरचा बरोबर कर्नल चार कोअरवरच्या अर्धवट कर्नलपेक्षा कितीतरी मोलाचा. मग स्टॅक पॉइंटर लावा, तो १६ च्या पटीत हवा. मग बीएसएस भाग (सुरुवातीची किंमत न दिलेल्या ग्लोबल व्हेरिएबलची जागा) शून्याने भरा. शेवटी ईएल२ या अधिकाराच्या पातळीवरून ईएल१ या कर्नलच्या पातळीवर उतरा, कारण फर्मवेअर आपल्याला हायपरव्हायझरच्या पातळीवर सोडतं. उतरण्याआधी एचसीआर मधला ६४ बिटचा बिट आणि ईएल१ ला टायमर वापरू देणारा सीएनटीएचसीटीएल मधला बिट लावायला विसरू नका. दुसरा राहिला तर पुढे टायमरला हात लावताच यंत्र गप्प होतं, आणि शोध भलतीकडेच सुरू होतो.

यूआर्टचा पत्ता हेक्स ३एफ२०१०००. जीपीआयओ, म्हणजे बोर्डाच्या सामान्य वापराच्या पिनांपैकी, १४ आणि १५ 'आल्ट ०' वर, म्हणजे यूआर्टच्या कामावर, ठेवा. घड्याळ ४८ मेगाहर्ट्झ असेल तर १,१५,२०० बॉडसाठी पूर्णांक भाजक २६ आणि अपूर्णांक ३. तारा जोडताना बोर्डाची ८ नंबरची पिन अडॅप्टरच्या आरएक्सला, १० नंबरची टीएक्सला, ६ नंबरची ग्राउंडला. अडॅप्टरची वीज देणारी तार मोकळीच ठेवा.

आता एक अक्षर पाठवा. क्यूएमूमध्ये दिसलं आणि बोर्डावर नाही, तर नव्वद टक्के वेळा आरएक्स-टीएक्स उलटे असतात.

कंपायलरला दोन सूचना याच टप्प्यावर द्या. पहिली, फक्त साधी रजिस्टर वापर. नाहीतर तो कर्नलमध्ये गुपचूप फ्लोटिंग पॉइंटची रजिस्टर वापरतो आणि यंत्र अडकतं. दुसरी, पत्ते काटेकोर जुळवून वाच. एमएमयू (प्रोसेसच्या पत्त्यांचं खऱ्या पत्त्यांत भाषांतर करणारा भाग) बंद असताना सगळी मेमरी 'डिव्हाइस' समजली जाते, आणि तिथे न जुळणाऱ्या पत्त्यावरून चार बाइट वाचले तरी फॉल्ट येतो. याच कारणाने एमएमयू चालू होईपर्यंत स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत फिरत वाट बघायला लावणारं कुलूप) वापरू नका. त्यामागच्या एक्सक्लुझिव्ह सूचनांचा तेव्हा भरवसा नसतो.

पायरी २: चुका बोलत्या करा

चूक, इंटरप्ट किंवा सिस्टिम कॉल आला की प्रोसेसर चालू काम सोडून उडी मारतो, तो अपवाद; अपवादांची तक्ती म्हणजे व्हेक्टर टेबल. १६ नोंदी, प्रत्येकीला हेक्स ८० बाइट, आणि अख्खी तक्ती २ केबीच्या सीमेवर. सोळाही नोंदी भरा, 'ही कधी येणारच नाही' म्हणून सोडू नका. प्रत्येकीने ईएसआर, ईएलआर आणि एफएआर ही तीन रजिस्टर सिरियलवर छापावीत. काय झालं, कुठे झालं, कोणत्या पत्त्यामुळे झालं, हे त्यांतून कळतं. ईएसआरच्या वरच्या सहा बिटांत कारण असतं: हेक्स १५ म्हणजे सिस्टिम कॉल (प्रोसेसने कर्नलकडे केलेली मागणी), हेक्स २४ म्हणजे प्रोसेसने केलेला मेमरीचा गुन्हा, हेक्स ०७ म्हणजे कुणीतरी फ्लोटिंग पॉइंट वापरला. हे तीन आकडे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा.

मग टायमर. त्याची गती सीएनटीएफआरक्यू मधून वाचा, आकडा कोडात ठोकू नका. पाय ३ कुळात ती १९.२ मेगाहर्ट्झ असते, क्यूएमूत वेगळी असते. सेकंदाला १०० टिक पुरेत. कोअर शून्यचा टायमर इंटरप्ट हेक्स ४०००००४० वर चालू होतो.

पायरी ३: मेमरी

५१२ एमबी म्हणजे ४ केबीची १,३१,०७२ पानं. एका पानाला एक बिट धरला तर सगळा हिशेब १६ केबीत बसतो. याहून हुशार ॲलोकेटर आत्ता नको. जीपीयूने (चिपमधल्या ग्राफिक्सच्या प्रोसेसरने) यातली किती मेमरी आधीच घेतली आहे ते मेलबॉक्स या रजिस्टरांमधून फर्मवेअरला विचारा, आणि तेवढा भाग सुरुवातीलाच 'वापरात' म्हणून खुणवा.

एमएमयूत कर्नल वरच्या अर्ध्यात, प्रोसेस खालच्या अर्ध्यात. नकाशा कुठे आहे हे सांगणाऱ्या दोन रजिस्टरांपैकी टीटीबीआर१ कर्नलसाठी कायम तेच, टीटीबीआर० प्रोसेस बदलली की बदलायचं. रॅम 'नॉर्मल, कॅश होणारी' म्हणून आणि पेरिफेरल 'डिव्हाइस' म्हणून नकाशात घाला. ज्या पानावर लिहिता येतं त्यावरचा कोड चालता कामा नये, हा नियम पहिल्यापासून लावा. प्रोसेस बदलताना सुरुवातीला अख्खा टीएलबी (झालेल्या भाषांतरांचा साठा) पुसला तरी चालेल, एएसआयडी (त्या साठ्यात प्रोसेस ओळखायचा क्रमांक) नंतर.

बोर्डावर सगळ्यात जास्त रडवणारी जागा इथेच आहे. नव्या प्रोसेसचा कोड तुम्ही मेमरीत कॉपी केला तरी तो अजून डेटा कॅशमध्येच (प्रोसेसरजवळच्या छोट्या, जलद साठ्यात) असतो, आणि सूचना वाचणाऱ्या कॅशला त्याचा पत्ता नसतो. डेटा कॅश साफ करा, सूचना कॅश रद्द करा, मग आधीचं काम पुरं होईपर्यंत थांबवणाऱ्या डीएसबी आणि आयएसबी या सूचना. क्यूएमूत हे कॅश मुळात नसतातच, त्यामुळे तिथे सगळं झकास चालतं आणि बोर्डावर दर तिसऱ्या बूटला वेगळाच मूर्खपणा दिसतो. 'क्यूएमूत चालतं, बोर्डावर कधी चालतं कधी नाही' असं झालं की आधी कॅश बघायचा.

पायरी ४: निरोप

मायक्रोकर्नलचा जीव निरोपांत आहे, म्हणून इथे सावकाश जा.

सिस्टिम कॉल पाचच ठेवा: विचार, घे, उत्तर दे, खूण कर, सोड. 'विचार' म्हणजे निरोप पाठवून उत्तर येईपर्यंत थांबणं. 'घे' म्हणजे पुढच्या निरोपाची वाट बघणं. 'खूण कर' म्हणजे न थांबता दुसऱ्याच्या एका शब्दातला एखादा बिट लावणं. इंटरप्टही याच रूपात पोचतात. 'सोड' म्हणजे उरलेली पाळी दुसऱ्याला देणं. मेमरी आणि प्रोसेस तयार करण्याची कामं सहाव्या कॉलने नकोत. तीही कर्नलला केलेलं 'विचार' म्हणूनच करा, म्हणजे हक्कांची तपासणी एकाच दारावर होते.

निरोप छोटा असावा: एक हँडल (निरोप कुठे जायचा ते सांगणारा आकडा), एक कामाचा क्रमांक, चार शब्द माहिती. सगळं रजिस्टरमध्येच. कर्नल मेमरीला हात न लावता ही सहा रजिस्टर एका थ्रेडमधून दुसऱ्यात टाकतो. देणारा आणि घेणारा दोघंही तयार असतील तर शेड्युलरलाही विचारू नका, थेट घेणाऱ्याकडे वळा. मोठा माल, म्हणजे पडद्याचं चित्र, दोघांच्या सामायिक पानांतून जाईल; निरोपात फक्त 'या चौकोनात बदल झालाय' एवढंच.

कुणाला निरोप पाठवायचा हे प्रोसेसच्या क्रमांकाने ठरवू नका. प्रत्येक प्रोसेसला एक छोटी तक्ती द्या, ३२ खणांची. खणात असतो तो एखाद्या दाराचा, म्हणजे निरोप जिथे पोचतात त्या जागेचा, हक्क: पाठवायचा, घ्यायचा किंवा दोन्ही. जे दार तक्तीत नाही ते त्या प्रोसेससाठी अस्तित्वातच नाही. नोंद घेणाऱ्या प्रोग्रामच्या तक्तीत एसडी कार्डाचं दार नसेल, तर त्यात कितीही घाण बग असला तरी कार्डाला धक्का लागत नाही.

गाठ कुठे पडते? अ ने ब ला विचारलं आणि थांबला, त्याच वेळी ब ने अ ला विचारलं आणि तोही थांबला. दोघंही कायमचे अडकले. कर्नलमध्ये गाठ शोधणारा हुशार कोड लिहायला जाऊ नका, नियम करा: 'विचार' फक्त ग्राहकाकडून (सेवा मागणारी प्रोसेस) सर्व्हरकडे (सेवा देणारी प्रोसेस) जाईल, उलट दिशेला फक्त 'खूण'. आणि 'उत्तर दे' कधीच थांबणार नाही. ग्राहक वाट बघत नसेल तर उत्तर टाकून द्यायचं. एका बेशिस्त ग्राहकासाठी सर्व्हरने खोळंबून राहायची गरज नाही.

कर्नलच्या आत इंटरप्ट बंद आणि सगळ्यांसाठी एकच स्टॅक ठेवा. थ्रेडची जतन करायची स्थिती म्हणजे ३१ रजिस्टर आणि आणखी तीन, मिळून २७२ बाइट. प्रत्येक थ्रेडला वेगळा कर्नल स्टॅक दिला तर कोड गुंतत जातो, आणि आपला प्रत्येक कॉल इतका छोटा आहे की मध्येच थांबवण्यात फायदा नाही.

पायरी ५: ड्रायव्हर बाहेर

कर्नल फक्त एकच प्रोसेस स्वतः सुरू करतो. तिचं नाव मुकादम ठेवा. बाकी सगळ्या प्रोसेस मुकादम सुरू करतो, आणि कुणाला कोणती पानं, कोणती दारं, कोणता इंटरप्ट हे तोच ठरवतो. बाकीचे प्रोग्राम सुरुवातीला कर्नलच्या फाइलीलाच चिकटवून द्या. एसडी कार्डाचा ड्रायव्हर लिहायची ही वेळ नाही.

पायच्या रचनेत एक सोय आहे: जीपीआयओ हेक्स ३एफ२०००००, यूआर्ट ३एफ२०१०००, एसपीआय ३एफ२०४०००, तिन्ही वेगळ्या ४ केबीच्या पानांवर. म्हणून स्क्रीनच्या सर्व्हरला फक्त एसपीआयचं पान देता येतं. अडचण जीपीआयओची. सगळ्या पिना एकाच पानावर आहेत, त्यामुळे ते पान कीपॅडला दिलं तर कीपॅडचा ड्रायव्हर पडद्याची रिसेट पिनही हलवू शकतो. उपाय म्हणजे जीपीआयओचा स्वतंत्र सर्व्हर. बाकीच्यांनी त्यालाच विचारायचं.

डीएमए, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत वाचायची-लिहायची सोय, कुणालाही देऊ नका. या चिपमध्ये एआर्म बाजूला आयओएमएमयू, म्हणजे डीएमएवर पहारा ठेवणारा भाग, नाही. ज्याच्या हातात डीएमए कंट्रोलर, तो एमएमयूला वळसा घालून कुठेही लिहू शकतो, आणि मग वेगळ्या पत्त्यांच्या सगळ्या भिंती कागदावरच राहतात. एसपीआय प्रोसेसरनेच भरा. पूर्ण पडदा म्हणजे १,५३,६०० बाइट. ३२ मेगाहर्ट्झला त्याला साधारण ३८ मिलिसेकंद लागतात, डेटाशीटमधल्या सावध १० मेगाहर्ट्झला १२३. आकडे टाकायच्या यंत्राला हे पुरतं, कारण आपण बदललेला चौकोनच पाठवतो. कीपॅड दर १० मिलिसेकंदांनी वाचा, आणि सलग दोनदा तेच दिसलं तरच बटण खरं माना.

इंटरप्ट बाहेर नेण्याची पद्धत अशी: कर्नल ती इंटरप्ट लाइन बंद करतो, ड्रायव्हरला खूण करतो, आणि ड्रायव्हरने 'झालं' म्हटल्यावरच लाइन उघडतो. हा क्रम पाळला नाही तर तीच इंटरप्ट पुन्हापुन्हा येऊन ड्रायव्हरला पाळीच मिळत नाही.

पडद्यावर मराठी हवीच. सोलापुरात तर तेलुगू आणि कन्नडही हवी, कारण यंत्रमागावर काम करणाऱ्यांत या तिन्ही भाषा आहेत. जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसवणं हे हार्फबझसारख्या मुक्त लायब्ररीचं काम आहे, पण ती या यंत्रावर चढवणं हा स्वतंत्र प्रोजेक्ट आहे. सुरुवातीला मोजक्या ओळी लॅपटॉपवर चित्ररूपात बनवून घ्या, 'नोटो' किंवा 'मुक्ता' यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट वापरून, आणि यंत्रात फक्त अंक काढा. अक्षरांचा सर्व्हर वेगळी प्रोसेस ठेवा. पुढे त्यात खरं शेपिंग (जोडाक्षरं बसवणं) आलं तरी बाकीच्यांना हात लावावा लागणार नाही.

वायफाय आणि यूएसबीच्या नादी लागू नका. वायफाय चिपला बंदिस्त फर्मवेअर लागतं, आणि यूएसबीचा कंट्रोलर एकटाच अख्खं वर्ष खाईल.

पायरी ६: पाडून बघा

स्क्रीनच्या सर्व्हरमध्ये 'पड' असा एक गुप्त निरोप ठेवा. तो आला की सर्व्हर शून्य पत्त्यावर लिहितो. कर्नलला हेक्स २४ चा अपवाद मिळतो. इथे कर्नलने घाबरून थांबायचं नाही. थ्रेड गोठवून कारण आणि पत्ता मुकादमाला निरोप म्हणून द्यायचा. मुकादम जुनी प्रोसेस मोडतो, तिची पानं परत घेतो, तिच्या इंटरप्ट लाइन बंद करतो आणि नवी प्रत सुरू करतो.

ग्राहकांकडची हँडल जुन्या सर्व्हरची असतील तर ती मेली, आणि सगळ्यांना नवं दार शोधावं लागेल. म्हणून दार सर्व्हरच्या मालकीचं ठेवूच नका. ते मुकादमाच्या मालकीचं, सर्व्हरकडे फक्त घेण्याचा हक्क. सर्व्हर मेला तरी दार उभं राहतं, रांगेतले निरोप तसेच थांबतात आणि नव्या प्रतीला मिळतात. ज्या एका निरोपावर काम चालू असताना सर्व्हर पडला, त्याच्याच ग्राहकाला 'गेला' असं उत्तर जातं. त्याने तोच निरोप पुन्हा पाठवायचा, म्हणजे स्क्रीनचे सगळे निरोप असे हवेत की दोनदा केले तरी बिघडणार नाही. 'हा चौकोन काढ' चालतं; 'एक ओळ वर सरक' चालत नाही.

हार्डवेअरही अर्धवट अवस्थेत असतं, हे लक्षात घ्या. नव्या सर्व्हरने जीपीआयओ सर्व्हरला विचारून पडद्याची रिसेट पिन हलवावी, झोपेतून उठवायची आज्ञा द्यावी, १२० मिलिसेकंद थांबावं आणि मग सामायिक पानांतलं अख्खं चित्र पुन्हा ओतावं. ती पानंही मुकादमाच्या मालकीची असल्यामुळे चित्र गेलेलं नसतं. नंतर हाच प्रयोग कीपॅडवर करा, मग बटण दाबून धरलेलं असताना करा. मुकादम पडला तर मात्र सगळं संपतं, म्हणून त्याचा कोड मुद्दाम कंटाळवाणा आणि छोटा ठेवा.

मोजणी, कार्ड आणि ऊन

निरोपाचा वेग मोजताना एक फेरी मोजू नका. १९.२ मेगाहर्ट्झच्या घड्याळाचा एक ठोका ५२ नॅनोसेकंदांचा, म्हणजे एका फेरीसाठी तो जाडाभरडा आहे. दहा हजार फेऱ्या मारा आणि भागा. आकडा प्रकल्पाच्या माहितीपत्रात टाका, वाईट असला तरी. प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजला की कुठे गाडी घसरली ते दिसतं.

एसडी कार्डावर लिहिणं सगळ्यात शेवटी, आणि तेही फक्त मागे जोडत जाणं: एका नोंदीला एक ५१२ बाइटचा ब्लॉक, शेवटी चेकसम (नोंद धड आहे का ते तपासायचा आकडा). सुरू होताना शेवटचा बरोबर चेकसम शोधायचा आणि त्याच्या पुढे लिहायचं. सेल मध्येच संपला तर फार तर एक नोंद जाते, अख्खी फाइल सिस्टिम नाही.

काम नसताना प्रोसेसरला डब्ल्यूएफआय सूचनेने झोपवा. रिकाम्या लूपमध्ये फिरत ठेवलं तर सेल लवकर उतरतो आणि डबीही तापते. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, शेडमध्ये पत्र्याखाली त्याहून जास्त. लिथियम सेल सहसा ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, म्हणून चार्जिंग रात्री किंवा ऑफिसात लावा, आणि यंत्र दुपारी गाडीच्या डिकीत ठेवू नका. आवाजाची सूचना देणारा बझर लावलाच असेल तर काढून टाका. चालू मागांच्या खडखडाटात तो कुणालाही ऐकू येत नाही. नोंद झाली की हिरवा दिवा, नाही झाली की लाल, एवढं पुरतं.